ब्लश म्हणजे उसनी लाली: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी आणि लावणाऱ्यांसाठी

मेकअप शिकू लागलेल्या माणसाला लिपस्टिकची किंवा काजळाची फारशी धास्ती वाटत नाही, कारण ती कुठे लावायची हे चेहऱ्यावर आखलेलेच असते. ओठांना कडा असतात, पापण्यांनाही असतात. गालाला मात्र कड नसते. तो नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आरशात निरखून पाहिले तरी सांगता येत नाही. त्यातच सल्ले परस्परविरोधी मिळतात. एक व्हिडिओ सांगतो की हसा आणि गालाचा जो भाग वर येईल त्यावर ब्लश लावा. दुसरा बजावतो की हसू मुळीच नका, नाहीतर चेहरा ओघळल्यासारखा दिसेल. डब्यांवरची नावे फुलांची, ऋतूंची किंवा मनःस्थितींची असतात आणि त्यांवरून रंग गालावर कसा दिसेल याचा काहीच अंदाज येत नाही. परिणामी अनेकांचा पहिला ब्लश दोन-तीनदा वापरला जातो आणि मग कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जातो.

माझ्या मते या गोंधळाचे मूळ एका साध्या गोष्टीच्या विस्मरणात आहे. ब्लश ही त्वचेखालून वाहणाऱ्या रक्ताची नक्कल आहे. कोणता रंग घ्यावा, तो कुठे लावावा, किती लावावा आणि कुठे थांबावे, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे ‘रक्ताने काय केले असते?’ एवढे विचारले की बऱ्यापैकी सापडतात.

खरी लाली येते कुठून?

चेहऱ्याच्या त्वचेत, विशेषतः गालांवर, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते आणि ते पृष्ठभागाच्या बरेच जवळ असते. लाज, राग, धावपळ, उष्मा अशा कारणांनी या केशवाहिन्या रुंदावतात आणि त्यांत अधिक रक्त भरते. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषते आणि लाल प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते, म्हणून गाल लाल दिसतात. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर लिहिताना लाजून लाल होण्यावर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले होते, आणि हा गुण केवळ गोऱ्या लोकांचा नाही, गडद वर्णाच्या माणसांतही तो आढळतो, अशी मांडणी त्यात केली होती.

मग गडद त्वचेवर ही लाली कमी का जाणवते? खिडकीत दिवा ठेवला आहे आणि पुढे पडदा ओढला आहे, अशी कल्पना करावी. पडदा पातळ असेल तर मिणमिणता दिवाही दिसतो. पडदा जाड आणि गडद असेल तर दिव्याचा उजेड पडद्याच्या रंगात मिसळून, थोडा मंद आणि खोल होऊन बाहेर येतो. आपल्या त्वचेत हा पडदा मेलॅनिनचा असतो, म्हणजे त्वचेला तिचा रंग देणाऱ्या नैसर्गिक द्रव्याचा. मेलॅनिन कमी असलेल्या त्वचेवर रक्त गुलाबी दिसते, मध्यम त्वचेवर ते विटकरीकडे झुकते आणि गडद त्वचेवर मरून किंवा जांभळट भासते. रक्त तेच असते. पडद्यानुसार त्याचा रंग वेगळा भासतो. ब्लशच्या छटांची सगळी निवड या एका निरीक्षणावर उभी आहे.

दुसरी गोष्ट फाउंडेशनची. चेहरा एकसारखा दिसावा म्हणून आपण त्यावर एकाच रंगाचा थर देतो, आणि त्या थराखाली डाग जसे झाकले जातात तशीच ही जिवंत लालीही झाकली जाते. फाउंडेशन लावल्यावर चेहरा सपाट आणि थोडा आजारी का दिसतो, याचे कारण हेच. जे झाकले ते थोडेसे परत आणून ठेवणे, एवढेच ब्लशचे काम आहे. म्हणून फाउंडेशन जितके दाट, तितकी ब्लशची गरज अधिक. आणि जे लोक फाउंडेशन लावतच नाहीत, त्यांना ब्लश चालतो, पण अगदी थोडा पुरतो.

डबीत नेमके काय असते?

पावडर ब्लशचा बराचसा भाग रंगाचा नसतोच. त्यात अभ्रक, टाल्क किंवा स्टार्च यांसारखी मऊ भुकटी पाया म्हणून असते, ती एकत्र धरून ठेवण्यासाठी तेल किंवा झिंक स्टिअरेटसारखे चिकटवणारे घटक असतात, आणि त्यात थोडे रंगद्रव्य मिसळलेले असते. लाल, पिवळा आणि काळा हे तीन मूळ रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडपासून, म्हणजे सोप्या भाषेत शुद्ध केलेल्या गंजापासून येतात. छटा फिकी करण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे द्रव्य घालतात. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे एका मोठ्या तक्रारीचे मूळ तेच आहे.

लोहाच्या ऑक्साइडमधून विटकरी आणि तपकिरी छटा चांगल्या मिळतात, पण चमकदार गुलाबी मिळत नाही. त्यासाठी कृत्रिम लाल रंग किंवा कार्माइन वापरले जाते. कार्माइन हे कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढतात. ज्यांना प्राणिजन्य घटक नको असतील त्यांनी घटकांच्या यादीत ‘कार्माइन’ हा शब्द किंवा ‘सीआय ७५४७०’ हा रंगक्रमांक आहे का ते पाहावे. काही जणांना त्याची ॲलर्जीही असते, म्हणून संवेदनशील त्वचेच्या लोकांनीही ही यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

ज्या ब्लशला चमक नसते त्याला मॅट म्हणतात आणि ज्यात अभ्रकाचे चमकते कण असतात त्याला शिमर. शिमर प्रकाश परत फेकतो, त्यामुळे गालावरची मोठी रंध्रे, पुरळ आणि सुरकुत्या अधिक उठून दिसतात. पहिला ब्लश मॅट किंवा अगदी सौम्य झळाळीचा असावा, असे मी सुचवीन. चमक हवीच असेल तर ती नंतर हायलायटरने वेगळी आणता येते, पण ब्लशमध्ये मिसळलेली चमक काढून टाकता येत नाही.

रंग निवडताना आधी गडदपणा, मग झाक

या विषयावर बहुतेक सल्ल्यांची सुरुवात अंडरटोनपासून होते. अंडरटोन म्हणजे त्वचेच्या वरच्या रंगाखालून जाणवणारी झाक: कोणाची पिवळट किंवा सोनेरी, कोणाची गुलाबी किंवा निळसर, कोणाची यांच्या मधली, तर कोणाची किंचित हिरवट, जिला ऑलिव्ह म्हणतात. झाक महत्त्वाची आहे, हे मान्य. तरी नवशिक्याने तिच्यात अडकून पडू नये, असे मला वाटते, कारण चुकलेल्या झाकेपेक्षा चुकलेला गडदपणा गालावर कितीतरी जास्त खटकतो.

गडद त्वचेवर फिका, दुधाळ गुलाबी ब्लश लावला की गालावर राखेचा हात फिरल्यासारखे दिसते. त्याचा दोष त्वचेकडे जात नाही. फिक्या छटेत टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असते आणि ते पांढरे कण गडद पृष्ठभागावर धुरकट राखाडी थर म्हणून दिसतात. काळ्या फळ्यावर ओला डस्टर न फिरवता फक्त हाताने खडू पुसला तर जसा पांढुरका पट्टा राहतो, तसा. असा ब्लश कितीही थर देऊन लावला तरी लाल होत नाही, उलट आणखी पांढुरका होतो. उलट बाजूने, अतिशय गोऱ्या त्वचेवर गडद प्लम किंवा विटकरी रंग लावला तर तो गालावर माराच्या वळासारखा दिसू शकतो.

म्हणून ढोबळ नियम असा: गोऱ्या त्वचेसाठी फिका गुलाबी आणि पीच, गव्हाळ किंवा मध्यम त्वचेसाठी गडद गुलाबी, कोरल, मव्ह म्हणजे धुरकट जांभळट गुलाबी, आणि विटकरीकडे झुकणारे रंग, गडद त्वचेसाठी बेरी, प्लम, वीट, गडद नारिंगी आणि भडक दिसणारे लाल. हे शेवटचे रंग डबीत पाहून पुष्कळ लोक घाबरतात. पण डबीत रंग सलग आणि दाट असतो, गालावर तो विरळ पसरतो. मघाचा जाड पडदा आठवावा: त्यामागे दिवा मोठाच ठेवावा लागतो.

गडदपणा ठरला की झाकेकडे वळावे. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, यावरून झाक ओळखण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. मला ती फारशी भरवशाची वाटत नाही. शिरा किती खोल आहेत, त्वचा किती जाड आहे आणि खोलीतला दिवा कोणता आहे, यांवर त्यांचा रंग बदलतो, आणि अनेकांना दोन्ही रंगांच्या शिरा एकाच हातावर दिसतात. त्यापेक्षा थेट स्वतःच्या लालीलाच विचारावे. दोन-तीन मजले जिने भराभर चढून लगेच आरशात पाहावे. गालावर जो रंग आलेला असेल तोच आपला ब्लश. गडद त्वचेवर हा रंग स्पष्ट दिसला नाही तर खालचा ओठ किंचित बाहेर वळवून त्याच्या आतल्या बाजूचा रंग पाहावा. तिथे पडदा फार पातळ असल्यामुळे रक्ताची छटा बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. त्या रंगाच्या आसपासची, किंचित मंद छटा क्वचितच चुकते.

दुकानात रंग तपासताना आपण तो सवयीने मनगटावर लावून पाहतो. मनगटाची आतली त्वचा गालापेक्षा बहुतेकदा फिकी असते आणि तिथे गालासारखी लाली नसते, त्यामुळे मनगटावर सुंदर दिसलेला रंग गालावर नाहीसा होतो किंवा भलताच दिसतो. शक्य असेल तर तो जबड्याच्या कडेला किंवा गालाच्या मागच्या भागावर लावून, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात पाहावा. खुल्या नमुन्याच्या डबीत अनेकांची बोटे बुडालेली असतात, म्हणून असा रंग नेहमी स्वच्छ कापसाने किंवा वापरून टाकायच्या काडीने घ्यावा.

‘हा ब्लश तुमच्या त्वचेनुसार रंग बदलतो’ म्हणजे काय?

काही पारदर्शक किंवा पांढरे जेल गालावर लावताच गुलाबी होतात, आणि प्रत्येकीला तिचा खास रंग मिळतो असा त्यांचा दावा असतो. यामागे बहुधा रेड २७ या रंगाचा एक प्रकार असतो. तो कोरड्या किंवा तेलकट माध्यमात रंगहीन राहतो आणि त्वचेवरचा ओलावा व त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे प्रमाण, यांच्या संपर्कात आला की गुलाबी होतो. निरोगी त्वचेचा पीएच माणसामाणसांत फार वेगळा नसतो, त्यामुळे गुलाबीही जवळपास सर्वांचा एकच येतो. जो फरक दिसतो तो मुख्यतः खालच्या त्वचेच्या रंगाचा असतो, आणि तो तर कुठल्याही पातळ ब्लशबाबत दिसतोच. उत्पादन वाईट आहे असे मी म्हणत नाही. मात्र त्यात मन वाचणारी काही जादू नाही. शिवाय हा रंग त्वचेला धरून ठेवणारा असल्यामुळे चुकला तर सहज पुसला जात नाही, आणि नवशिक्याला हीच गोष्ट महागात पडते.

पावडर, क्रीम की द्रव?

त्वचा तेलकट असेल तर पावडर, कोरडी असेल तर क्रीम, असे सांगितले जाते. ते ढोबळमानाने बरोबर आहे. पावडर वरचे तेल टिपते आणि क्रीम कोरड्या त्वचेवर पापुद्र्यासारखे उठून दिसत नाही. द्रव ब्लशमध्ये रंगद्रव्य पुष्कळदा फार दाट असते. एका गालाला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो, आणि बाटलीसोबत येणारा जाडजूड दांडा मात्र त्याच्या कितीतरी पट रंग बाहेर काढतो. पाण्यासारखा टिंट तर काही सेकंदांतच त्वचेत मुरतो आणि जिथे पडला तिथे ठिपक्याच्या रूपात राहतो.

माझा कौल क्रीमला आहे, त्वचा फार तेलकट नसेल तर. क्रीम बोटाने लावता येते, वेगळ्या साधनाची गरज पडत नाही, ते लवकर सुकत नाही आणि चूक सुधारायला वेळ देते. ज्यांना पावडरच हवी त्यांनी मुद्दाम कमी रंगद्रव्याची, पुसट रंग सोडणारी पावडर घ्यावी. एका स्पर्शात भरपूर रंग देणाऱ्या ब्लशची लोक वाहवा करतात, पण ती सवय झालेल्या हाताची गंमत आहे. जलरंगात चित्र शिकताना आपण पातळ रंगाचा एकावर एक हात देत जातो, नळीतला घट्ट रंग थेट कागदावर पिळत नाही. तेच इथे करायचे आहे.

या निवडीबरोबर क्रमाचा एक नियम येतो, आणि तो मोडल्यामुळे होणारी फजिती लोक ब्लशच्या माथी मारतात. फाउंडेशन अजून ओलसर असताना त्यावर पावडर ब्लश लावला तर पहिला स्पर्श जिथे होतो तिथेच पावडर चिकटते आणि मग तिथून हलत नाही. ओल्या फरशीवर सांडलेले पीठ जसे केरसुणीने सरकवता येत नाही, तसेच. उलट, चेहऱ्यावर कॉम्पॅक्ट किंवा सुटी पावडर लावून झाल्यावर क्रीम ब्लश चोळला तर खालची पावडर गोळा होऊन चट्टे पडतात. म्हणून ओले थर आधी आणि कोरडे नंतर: फाउंडेशन, मग क्रीम ब्लश, मग पावडर, किंवा फाउंडेशन, पावडर आणि शेवटी पावडर ब्लश. जास्त वेळ टिकावा असे वाटत असेल तर क्रीमचा पातळ थर देऊन, त्यावर पावडर फिरवून, वर त्याच रंगाच्या पावडर ब्लशचा हलका हात द्यावा.

हसावे की हसू नये?

दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. हसल्यावर गालाचा गोळा वर येतो आणि तो सापडायला सोपा जातो. पण हसू ओसरले की तो गोळा खाली उतरतो आणि त्यावर लावलेला रंगही त्याच्याबरोबर उतरून नाकाच्या कडेपासून ओठांकडे जाणाऱ्या रेषेजवळ येऊन बसतो. दिवसाचा बराच वेळ आपण हसत नसतो, त्यामुळे चेहरा थकलेला दिसतो. तेव्हा हसून जागा शोधावी, मग चेहरा सैल सोडावा आणि शोधलेल्या जागेपेक्षा साधारण बोटभर वर लावायला सुरुवात करावी.

सीमा ठरवण्यासाठी दोन खुणा पुरतात. नाकाच्या कडेपासून दोन बोटे जागा मोकळी सोडावी, आणि नाकाच्या शेंड्याच्या समोरील आडव्या रेषेखाली रंग जाऊ देऊ नये. यामागेही रक्ताचेच कारण आहे. नाकाला लागून असलेली लाली आपण सर्दीशी किंवा त्वचेच्या दाहाशी जोडतो, आणि जबड्याजवळची लाली तर क्वचितच नैसर्गिक वाटते. गालाच्या उंचवट्यावरून कानशिलाकडे विरत जाणारा रंग मात्र डोळ्याला पटतो, कारण दम लागल्यावर चेहरा साधारण तसाच दिसतो. हल्ली नाकाच्या दांड्यावरूनही रंग नेऊन उन्हातून आल्यासारखा देखावा करतात. त्यातही तर्क आहे, कारण ऊन चेहऱ्याच्या पुढे आलेल्या भागांनाच आधी लागते. फक्त तो गालांपेक्षा बराच फिका ठेवावा.

चेहऱ्याच्या आकारानुसार ब्लश कुठे लावावा याचे तक्ते जागोजागी सापडतात. गोल, चौकोनी, बदामी, हृदयाच्या आकाराचा, असे वर्ग पाडलेले असतात आणि बहुतेकांचा चेहरा त्यांपैकी दोन-तीनांत एकाच वेळी बसतो. त्यांतले कामाचे तत्त्व एवढेच की रंग आडवा पसरवला तर लांबट चेहरा थोडा आखूड वाटतो आणि तिरपा, कानशिलाकडे चढता नेला तर चेहरा निमुळता वाटतो. बाकीच्या तक्त्यांकडे नवशिक्याने खुशाल दुर्लक्ष करावे.

लावण्याची रीत: पहिला स्पर्श आणि शेवटची कड

बिघडलेला ब्लश बहुतेक वेळा दोन कारणांनी बिघडलेला असतो: एकाच जागी जास्त रंग पडलेला असतो किंवा त्याची कड दिसत असते. रक्ताची लाली कधीही रेघेवर संपत नाही, ती विरते. म्हणून फिकी पण स्पष्ट कड असलेली लाली खोटी दिसते आणि गडद पण विरत गेलेली लाली खपून जाते. सरावाचा वेळ कडा विरवण्यावर घालवावा.

पहिला स्पर्श जिथे होतो तिथे सर्वांत जास्त रंग उतरतो, हे साधनांबाबतचे सत्य फारसे कोणी बोलून दाखवत नाही. त्यामुळे सुरुवात गालाच्या पुढच्या भागावरून, नाकाजवळून केली तर सगळा भार तिथेच पडतो. सुरुवात डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली, गालाच्या उंचवट्याच्या बाहेरच्या भागावर करावी. तिथून रंग आधी कानशिलाकडे आणि मग उरलासुरला पुढे न्यावा.

क्रीमसाठी बोटाचे टोक रंगाला नुसते टेकवावे, तो रंग हाताच्या पाठीवर थापटून अर्धा कमी करावा आणि मग गालावर तीन-चार ठिकाणी हलकेच टेकवत जावे. चोळू नये, थोपटावे. चोळण्याने खालचे फाउंडेशन सरकते आणि तिथली त्वचा उघडी पडते. बोटाची ऊब क्रीमला मऊ करते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांसाठी बोटापेक्षा चांगले साधन शोधण्याची गरज नाही. पावडरसाठी ब्रश मऊ, सुट्या केसांचा आणि गालाच्या मानाने लहानसा असावा. फार मोठा ब्रश रंग मनाला येईल तिथे नेतो आणि घट्ट केसांचा ब्रश एका जागी दाबून बसवतो. ब्रशचे टोक रंगाला अलगद लावावे, दांडी डबीच्या कडेवर किंवा मनगटावर आपटून जास्तीची भुकटी झाडावी, आणि छोट्या गोल हालचालींनी रंग बसवावा.

दोन्ही गालांवर पहिला हलका हात देऊन झाल्यावर आरशापासून दोन पावले मागे जावे. जवळून पाहताना रंग कमी वाटतो आणि आपण आणखी लावत जातो. समोरचा माणूस मात्र आपल्याला हातभर अंतरावरून पाहणार असतो. मागून पाहून कमी वाटले तरच दुसरा हात द्यावा. शेवटी कोणताही नवा रंग न घेता, फाउंडेशन लावताना वापरलेला स्पंज किंवा कोरडा स्वच्छ ब्रश फक्त कडांवरून फिरवावा.

एक सूचना क्रमाबद्दल. आजूबाजूच्या रंगांमुळे एखादा रंग डोळ्याला वेगळा भासतो, हे मिशेल-युजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये सविस्तर मांडले. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात गालिचे आणि पडदे विणण्यासाठी रंगवलेल्या धाग्यांविषयी तक्रारी येत होत्या, आणि दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात आहे, असे त्याला आढळले. चेहऱ्यावरही हेच घडते: उघड्या ओठांशेजारी पुरेसा वाटलेला ब्लश गडद लिपस्टिक लावताच फिका पडल्यासारखा दिसतो. म्हणून लिपस्टिक गडद असणार असेल तर ती आधी लावावी आणि ब्लशचे प्रमाण तिच्या शेजारी ठरवावे.

आरशापुढचा उजेड

पिवळसर दिव्याखाली सगळा चेहराच उबदार दिसतो आणि गालावरची लाली त्यात विरघळून जाते, त्यामुळे हात सैल सुटतो. उजेड किती पिवळसर किंवा निळसर आहे हे रंगतापमानाने मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. साध्या पिवळ्या दिव्याचे रंगतापमान २७०० केल्विनच्या आसपास असते, तर दिवसाचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विनच्या घरात. स्वस्त पांढऱ्या एलईडीमध्ये लाल प्रकाशाची उणीव असेल तर लाल रंग मेलेले दिसतात आणि तीच चूक दुसऱ्या वाटेने होते. खिडकीकडे तोंड करून बसावे, खिडकी एका बाजूला ठेवून नव्हे. बाजूने उजेड आला की अंधारातल्या गालावर नकळत जास्त रंग पडतो.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

‘माझे गाल मुळातच लाल असतात, मग ब्लश कशाला?’ ज्यांना लाली आवडते त्यांनी खरोखरच लावू नये. मात्र सतत टिकणारी, जळजळणारी, उंचवट्यांसह येणारी लाली रोझेशिया या त्वचाविकाराची असू शकते आणि ती मेकअपने झाकत राहण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी.

‘लिपस्टिकच गालावर लावली तर?’ चालते, थोडी आणि थोपटून. लिपस्टिकमध्ये मेण असते, त्यामुळे मुरुमांची त्वचा असणाऱ्यांनी ती रोज लावू नये. ब्लश पापण्यांवर लावताना मात्र घटक पाहावेत. अमेरिकेच्या नियमांत काही कृत्रिम लाल रंगांना गालांसाठी परवानगी आहे, पण डोळ्यांभोवती नाही.

‘दुपारपर्यंत माझा ब्लश गडद होतो.’ लोक याला ऑक्सिडेशन म्हणतात, पण बरेचदा कारण साधे असते. कोरडा दगड पाण्यात बुडवला की गडद दिसतो. तसेच त्वचेचे तेल पावडरच्या कणांमध्ये शिरले की रंग खोल दिसतो. लावताना अर्धी छटा कमी ठेवावी किंवा दुपारी टिपकागदाने तेल टिपून घ्यावे.

‘मुरुमांवर ब्लश लावावा का?’ मॅट आणि सुगंधविरहित असेल तर हरकत नाही. ब्रश आठवड्यातून एकदा तरी सौम्य साबणाने धुवावा आणि आपली डबी दुसऱ्याच्या गालावर जाऊ देऊ नये. डबीवर उघड्या बरणीचे छोटे चित्र आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यानंतर तितके महिने ती वापरायची असते. पावडरमध्ये पाणी नसल्यामुळे ती क्रीमपेक्षा जास्त टिकते. पावडरच्या पृष्ठभागावर कडक, चकचकीत थर आला असेल तर ती संपलेली नसते. ब्रशवाटे आलेले त्वचेचे तेल तिथे साचलेले असते, आणि चिकटपट्टी दाबून उचलली की तो थर निघून येतो.

जास्त झाले तर?

नवीन शिकणाऱ्याचे हे होणारच. लगेच पुसायला धावू नये. आधी फाउंडेशनचा वापरलेला स्पंज त्या जागेवर थोपटावा. त्यात उरलेले फाउंडेशन रंगावर पातळ पडदा टाकते आणि लाली खोलवरून आल्यासारखी दिसू लागते. कधीकधी हा परिणाम मूळ बेतापेक्षाही चांगला निघतो. पावडर ब्लश जास्त झाला असेल तर त्वचेच्या रंगाची सुटी पावडर मोठ्या ब्रशने वरून फिरवावी. एवढ्यानेही भागले नाही तर ओल्या कापसाने तो भाग पुसून फाउंडेशनपासून पुन्हा सुरुवात करावी, पण पुसल्यावर दहा मिनिटे थांबून. चोळल्यामुळे त्या गालात खरे रक्त धावलेले असते, आणि ते ओसरण्याआधी लावलेल्या ब्लशचा अंदाज हमखास चुकतो.